फुटबॉलपटू सर स्टॅन्ले मॅथ्यूज

पावसाळ्यांत आमच्या शाळेच्या पटांगणावर फुटबॉलचा खेळ रंगांत येतो, तेव्हां एक मौजेचा वाद दर वर्षीं आमच्या कानीं पडतो. संघ निवडावयाची वेळ आली, कीं खालच्या वर्गांतील मुलें वरच्या वर्गांतील एकाद्या जुन्या खेळाडूकडे बोट दाखवितात आणि हा आतां म्हातारा झाला, ह्याला काढून टाका, असा आग्रह धरतात. अवघ्या सतराव्या वर्षीं आलेलें हें म्हातारपण पाहून आम्हांस हंसूं येतें. पण वादाच्या मुळाशीं असलेला प्रश्न मात्र हंसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं. ज्या संघांतील बहुतेक गडी वयानें उतरणीस लागले आहेत, तो संघ अजिंक्यपद मिळवूं शकेल काय? कीं वय वाढलें म्हणजे मैदान सोडून कडेला बसणें हेंच शहाणपण? ह्या प्रश्नाचें उत्तर तर्कानें देण्यापेक्षां एका थोर खेळाडूच्या चरित्रानें द्यावें, असें आम्हांस वाटतें. तो खेळाडू म्हणजे इंग्लंडांतील सुप्रसिद्ध फुटबॉलपटू सर स्टॅन्ले मॅथ्यूज होय.

स्टॅन्ले मॅथ्यूज यांचा जन्म इ. स. १९१५ च्या फेब्रुवारी महिन्याच्या पहिल्या तारखेस इंग्लंडांतील हॅन्ले या गांवीं झाला. स्टोक-ऑन-ट्रेंट या शहरांत जीं कुंभारकामाचीं गांवें एकवटलीं आहेत, त्यांपैकींच हें एक. चिनीमातीचीं भांडीं भाजणाऱ्या भट्ट्या, त्यांचा धूर आणि कष्टकरी माणसांच्या चाळींसारख्या घरांच्या रांगा, असा तो मुलूख. स्टॅन्लेचे वडील जॅक मॅथ्यूज हे धंद्यानें न्हावी होते आणि त्याबरोबरच मुष्टियुद्धांतहि त्यांचें नांव गाजलेलें होतें. चार भावांत स्टॅन्ले तिसरा. घरांत पैसा बेताचा, परंतु शिस्त मात्र भरपूर. पहांटे उठून मोकळ्या हवेंत दीर्घ श्वास घेण्याचा आणि व्यायाम करण्याचा पाठ वडिलांनीं मुलांस लहानपणींच घालून दिला. मुलानें आपल्याप्रमाणें मुष्टियोद्धा व्हावें, असें वडिलांच्या मनांत होतें; पण स्टॅन्लेचें मन चेंडूंत गुंतलेलें होतें. रस्त्यावर, भिंतीशीं, मोकळ्या जागेंत, जेथें सांपडेल तेथें तो चेंडू पायाशीं घोळवीत असे. शाळेंत असतांनाच इंग्लंडच्या शाळकरी मुलांच्या संघांत त्याची निवड झाली, तेव्हां वडिलांनींहि आपला हट्ट सोडला.

पंधराव्या वर्षीं स्टॅन्ले स्टोक सिटी या क्लबाच्या कचेरींत पोऱ्या म्हणून कामास लागला. सतरावें वर्ष पुरें होतांच १९३२ सालीं त्याच क्लबानें त्याला धंदेवाईक खेळाडू म्हणून घेतलें. इंग्लंडांतील फुटबॉलच्या क्लबांच्या तेव्हां निरनिराळ्या श्रेणी असत व दर वर्षीं सरस ठरलेले संघ वरच्या श्रेणींत चढत आणि निकृष्ट ठरलेले खालीं उतरत. स्टोकचा संघ त्या वेळीं दुसऱ्या श्रेणींत होता. १९३३ सालीं त्यानें त्या श्रेणीचें अजिंक्यपद मिळविलें व तो पहिल्या श्रेणींत गेला. त्या संघांत अठरा वर्षांचा हा सडपातळ मुलगाहि होता. वाचकांनीं हें वर्ष ध्यानांत ठेवावें. कारण पुढें ह्या गोष्टीशीं आम्हांस पुन्हा यावयाचें आहे.

मॅथ्यूज हे उजव्या कडेचे फॉरवर्ड, म्हणजे आपण ज्याला राइट-आउट म्हणतों त्या जागेवरचे खेळाडू. त्यांची कला काय होती, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. चेंडू पायाशीं घेऊन ते समोरच्या बॅककडे सावकाश जात. अगदीं जवळ आल्यावर शरीर डावीकडे असें कांहीं झुकवीत, कीं बॅकला वाटे, हा आतां आंतल्या बाजूस वळणार. त्यानें तोल त्या बाजूस टाकला, कीं त्याच क्षणीं उजव्या पायाच्या बाहेरील कडेनें चेंडू बाजूला ढकलून मॅथ्यूज बाणासारखे निघून जात. युक्ति एकच, ती सर्वांस ठाऊक, तरीहि ती वर्षानुवर्षें चालली. ह्याचें कारण असें, कीं तिचा सगळा भार लांब धांवण्यावर नव्हता, तर पहिल्या चार-पांच पावलांच्या वेगावर, तोलावर आणि दुसऱ्याच्या मनाचा अंदाज घेण्यावर होता. लांब धांवण्याचा दम वयानें आधीं जातो. डोळ्यांची व डोक्याची तल्लखी मात्र जपली तर पुष्कळ दिवस टिकते. मॅथ्यूज यांच्या दीर्घ खेळाचें अर्धें रहस्य येथेंच आहे.

१९३४ सालीं, एकोणीस वर्षांचे असतांना, ते इंग्लंडच्या राष्ट्रीय संघांतून वेल्सविरुद्ध खेळले व पहिल्याच सामन्यांत त्यांनीं गोल केला. १९३७ सालीं चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध त्यांनीं तीन गोल केले आणि इंग्लंडनें तो सामना ५-४ असा जिंकला. स्टोकच्या लोकांचें त्यांच्यावर इतकें प्रेम होतें, कीं १९३८ सालीं ते क्लब सोडून जाणार अशी वार्ता पसरतांच हजारों लोकांनीं सभा भरवून त्यांस राहण्याचा आग्रह केला. पुढें दुसरें महायुद्ध सुरू झालें आणि लीगचे सामने बंद पडले. चोवीस ते तीस हीं खेळाडूच्या आयुष्यांतील ऐन भराचीं वर्षें. तीं मॅथ्यूज यांनीं विमानदलाच्या नोकरींत घालविलीं. युद्ध संपलें तेव्हां ते तिशी ओलांडून गेले होते.

१९४७ सालीं स्टोकचा संघ पहिल्या श्रेणीच्या अजिंक्यपदाच्या अगदीं जवळ आला होता. पण क्लबाच्या व्यवस्थापकाशीं मॅथ्यूज यांचें जमेना. हंगाम संपावयास थोडेच सामने उरले असतांना क्लबानें त्यांस ११,५०० पौंडांस ब्लॅकपूलच्या क्लबाला देऊन टाकलें. त्यांचें वय तेव्हां ३२ होतें. पुढें शेवटचा सामना स्टोकचा संघ हरला आणि दोन गुणांनीं अजिंक्यपदास मुकला. मॅथ्यूज असते तर तें मिळालेंच असतें, असें आम्ही म्हणत नाहीं. पण अशा वेळीं आपल्या उत्तम गड्यास घालवून देणें शहाणपणाचें खास नव्हतें. इकडे ब्लॅकपूलच्या व्यवस्थापकांनाहि शंका होतीच. आणखी एक-दोन वर्षें हा गृहस्थ खेळेल, एवढाच त्यांचा हिशेब. प्रत्यक्षांत मॅथ्यूज तेथें चौदा वर्षें खेळले!

समुद्रकांठच्या त्या गांवीं मॅथ्यूज रोज सकाळीं लौकर उठून वाळूवर व्यायाम करीत. दारू किंवा तंबाखू यांस ते शिवत नसत. आहार साधा, भाजीपाला व फळें यांचाच मुख्यतः. सोमवारीं तर ते उपासच करीत! आमच्या घरोघरच्या आया सोमवारचा उपास करितात तो देवासाठीं. मॅथ्यूज यांचा उपास शरीराला विसांवा देण्यासाठीं होता. तथापि दोहोंतला नेम मात्र सारखाच कडक. शिवाय त्या काळचे फुटबॉलचे बूट फार जड असत. त्यांनीं स्वतःसाठीं मुद्दाम हलके बूट करवून घेतले. शरीर थकतें हें त्यांनीं नाकारलें नाहीं. तें कशानें थकतें हें शोधून तेवढें टाळलें.

ब्लॅकपूलच्या संघानें १९४८ व १९५१ सालीं इंग्लंडच्या प्रख्यात एफ. ए. कप स्पर्धेचा अंतिम सामना गांठला. पण दोन्ही वेळां पराभव पदरीं आला. वडिलांनीं अंतकाळीं मुलाकडून दोन वचनें मागितलीं होतीं, असें सांगतात : एक, आईचा सांभाळ कर, आणि दुसरें, ह्या स्पर्धेचें विजयपदक मिळव. पहिलें वचन मॅथ्यूज यांनीं पाळलें होतें. दुसरें राहून जाणार, असें सर्वांस वाटूं लागलें.

१९५३ च्या मे महिन्याच्या दुसऱ्या तारखेस वेंब्ले येथें ब्लॅकपूल तिसऱ्यांदा अंतिम सामन्यास उतरलें. समोर बोल्टनचा संघ होता. मॅथ्यूज यांस ३८ वर्षें पुरीं झालीं होतीं. नव्यानेंच गादीवर आलेल्या राणी एलिझाबेथ स्वतः सामना पाहावयास आल्या होत्या. सामना संपण्यास सुमारें पंचवीस मिनिटें उरलीं असतां बोल्टनकडे ३ गोल आणि ब्लॅकपूलकडे १. बोल्टनचे कांहीं गडी दुखापतीनें लंगडत होते, हें खरें. पण ब्लॅकपूलनेंहि आतां सगळा चेंडू उजव्या कडेला मॅथ्यूज यांच्याकडे देण्यास आरंभ केला. त्यांच्या एका पासावरून मॉर्टन्सन यांनीं गोल केला. शेवटच्या मिनिटांत मॉर्टन्सन यांनींच फ्री-किकवर तिसरा गोल करून बरोबरी साधली. नंतरच्या वाढीव क्षणांत मॅथ्यूज बॅकला चकवून पार गोल-रेषेपर्यंत गेले, तेथून त्यांनीं चेंडू मागें दिला आणि पेरी यांनीं तो जाळ्यांत मारला. ब्लॅकपूलचा ४-३ असा जय झाला. लोकांनीं त्या सामन्यास मॅथ्यूज यांचेंच नांव दिलें. परंतु तीन गोल मॉर्टन्सन यांचे होते, मान त्यांचा आहे, असें मॅथ्यूज पुढें नेहमीं सांगत. आम्हांस तर त्या धांवेपेक्षांहि हें सांगणें मोठें वाटतें.

ह्यानंतर १९५६ सालीं युरोपांतील उत्कृष्ट फुटबॉलपटूस द्यावयाचा सुवर्णचेंडू प्रथमच देण्यांत आला, तो ४१ वर्षांच्या मॅथ्यूज यांस मिळाला. १९५७ सालीं, ४२ व्या वर्षीं, ते इंग्लंडतर्फे शेवटचा सामना खेळले.

आतां आमच्या मूळ प्रश्नाकडे वळूं. एक माणूस वयावर मात करूं शकतो. पण अख्खा संघ? त्याचें उत्तर पुढील प्रकरणांत आहे.

ज्या १९५३ सालीं मॅथ्यूज यांस पदक मिळालें, त्याच सालीं स्टोक सिटीचा संघ पहिल्या श्रेणींतून खालीं घसरला होता. आठ वर्षें झालीं तरी तो दुसऱ्या श्रेणींतच रखडत होता. प्रेक्षक कमी, पैसा कमी, उमेद त्याहून कमी. अशा वेळीं व्यवस्थापक टोनी वॉडिंग्टन यांनीं एक विलक्षण बेत केला. तरुण नामांकित खेळाडू विकत घेण्याइतका पैसा नव्हता, म्हणून इतर क्लबांनीं ज्यांचे दिवस भरले असें मानलें होतें, असे जाणते खेळाडू थोडक्या किंमतींत जमवावयाचे. १९६१ च्या ऑक्टोबरांत त्यांनीं मॅथ्यूज यांस ३,५०० पौंडांस परत आणलें. वय ४६! लोकांनीं टर उडविली. पण मॅथ्यूज यांच्या पहिल्या सामन्यास सुमारें ३६ हजार प्रेक्षक लोटले. त्याच्या आधींच्या घरच्या सामन्यास नऊ हजारहि नव्हते.

मग एकेक जुने गडी येऊं लागले. ब्लॅकपूलचे जुने सोबती जॅकी म्यूडी तिशी उलटलेले. डेनिस व्हायोलेट हे १९५८ च्या म्यूनिक येथील विमान अपघातांतून वांचलेले मॅंचेस्टर युनायटेडचे खेळाडू. एडी स्टुअर्ट व एडी क्लॅंप हे पूर्वीं वुल्व्ज संघाबरोबर अजिंक्यपदें उपभोगलेले. शेवटीं १९६३ च्या मार्चांत बर्नलेचे कुशल खेळाडू जिमी मॅकिलरॉय आले. तेहि ३१ वर्षांचे. अशा ह्या संघास पाहून कोणास हंसूं आलें असेल तर नवल नाहीं. १९६२-६३ च्या हंगामाच्या आरंभींचे कित्येक सामने गेले तरी त्यांस एकहि जय मिळाला नाहीं, तेव्हां तें हंसणें खरें ठरणार अशीच चिन्हें दिसूं लागलीं.

परंतु जाणत्या माणसांस पराभवानें घाबरें होण्याची संवय नसते. त्यांनीं एकमेकांचा खेळ हळूहळू ओळखला. धांवाधांव कमी करून चेंडूलाच धांवावयास लावावें, बचाव घट्ट ठेवावा, आणि मॅथ्यूज यांच्याभोवतीं दांडगाई करणाऱ्या प्रतिपक्ष्यास क्लॅंप यांनीं आवर घालावा, असें कामाचें वांटप झालें. संघ सगळाच म्हातारा होता असें मात्र समजूं नये. टोनी ॲलन, एरिक स्कील्स यांच्यासारखे विशीतले तरुण त्यांत होते, आणि जुन्यांच्या डोक्याला त्यांच्या पायांची जोड होती. पुढें तो हंगाम जयांचा ठरला. व्हायोलेट यांनीं वीसहून अधिक गोल केले. त्या वर्षींचा हिंवाळा इंग्लंडांत असा भयंकर पडला, कीं मैदानें गोठून गेलीं आणि दोन महिने खेळ जवळजवळ बंद राहिला. ह्या सक्तीच्या विश्रांतीचा जुन्या हाडांस फायदाच झाला असावा, असा आमचा तर्क आहे.

हंगामाच्या अखेरीस मात्र संघ डळमळला. सामने दाटीनें आले, पाय जड झाले आणि हातचें अजिंक्यपद निसटतें कीं काय, अशी भीति उभी राहिली. अशा घटकेस ११ मे १९६३ रोजीं लंडनमध्यें चेल्सीशीं गांठ पडली. योगायोग असा, कीं चेल्सीचा संघ त्या श्रेणींतील अत्यंत तरुण संघांपैकीं एक. त्यांतील कित्येकांचें वय मॅथ्यूज यांच्या वयाच्या निम्मेंहि नव्हतें. साठ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर तारुण्य आणि अनुभव यांचा जणूं निवाडाच व्हावयाचा होता. स्टोकनें सामना १-० असा जिंकला. गोल मॅकिलरॉय यांचा.

पुढच्या शनिवारीं, १८ मे रोजीं, स्टोकच्या घरच्या मैदानावर लूटनचा संघ आला. पहिला गोल म्यूडी यांनीं केला. नंतर मॅकिलरॉय यांनीं बचावाच्या फटींतून चेंडू पुढें दिला. मॅथ्यूज त्यावर धांवले, पुढें आलेल्या गोलरक्षकास चुकवून त्यांनीं तो शांतपणें जाळ्यांत ढकलला. त्या हंगामांत लीगमध्यें त्यांचा हा एकच गोल. पण तो ज्या वेळीं व्हावा त्याच वेळीं झाला. स्टोकनें ५३ गुण मिळवून अजिंक्यपद पटकाविलें; चेल्सी ५२ गुणांवर राहून दुसऱ्या क्रमांकानें वर गेलें. १९३३ सालीं अठरा वर्षांच्या ज्या पोरानें स्टोकबरोबर हेंच अजिंक्यपद पाहिलें, त्यानेंच तीस वर्षांनीं, ४८ व्या वर्षीं, तें पुन्हा मिळवून दिलें. त्या वर्षीं इंग्लंडांतील वर्षाचा उत्कृष्ट फुटबॉलपटू म्हणून त्यांचीच निवड झाली. हाच मान १९४८ सालीं प्रथम सुरू झाला तेव्हां पहिले मानकरी तेच होते.

येथें लेखणी थांबविली तर गोष्ट गोड होईल. पण ती पुरी खरी होणार नाहीं. पुढील हंगामांत पहिल्या श्रेणींत स्टोकचा संघ तळाकडच्या भागांतच राहिला, आणि दुखापतीमुळें मॅथ्यूज यांस लीगचे नऊच सामने खेळतां आले. काळ थांबत नाहीं; त्यास जाणत्या माणसांनीं कांहीं काळ थोपवून धरलें, एवढेंच. १९६५ च्या जानेवारींत त्यांस सर हा किताब मिळाला. खेळत असतांनाच हा मान मिळालेला दुसरा फुटबॉलपटू झालेला नाहीं. त्याच वर्षीं ६ फेब्रुवारीस, पन्नास वर्षें व पांच दिवस वय असतां, फुलहॅमविरुद्ध ते लीगचा शेवटचा सामना खेळले आणि संघ ३-१ असा जिंकला. निरोपाच्या सामन्यास युरोपांतील नामांकित खेळाडू जमले. पुश्काश व याशिन यांनीं त्यांस खांद्यावर घेऊन मैदानाबाहेर नेलें. सबंध कारकीर्दींत नियमभंगाबद्दल पंचानें त्यांचें नांव एकदांहि टिपून घेतलें नाहीं, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं विशेष ध्यानांत ठेवावी.

उत्तर आयुष्यांत त्यांस सर्वच गोष्टींत यश आलें असें नाहीं. पोर्ट व्हेल या क्लबाची व्यवस्था त्यांनीं कांहीं वर्षें पाहिली. ती फारशी फळास आली नाहीं. पण आफ्रिकेंत अनेक वर्षें त्यांनीं मुलांस फुटबॉल शिकविला. दक्षिण आफ्रिकेंत वर्णभेदाचे कायदे कडक असतांना सोवेटो येथील काळ्या विद्यार्थ्यांचा एक संघ त्यांनीं तयार केला आणि १९७५ सालीं त्या मुलांस ते ब्राझीलला घेऊन गेले. ज्यांस स्वतःच्या देशांत मोकळेपणें फिरावयाचीहि बंदी, त्या मुलांनीं समुद्रापलीकडचें जग पाहिलें. आमच्या मतें हा विजय कोणत्याहि पदकाहून कमी नाहीं. सत्तराव्या वर्षीं ते जुन्या खेळाडूंच्या एका सामन्यांत उतरले आणि गुडघा दुखावून बसले. पन्नासाव्या वर्षीं आपण जरा घाईनेंच खेळ सोडला, अशी खंत त्यांस शेवटपर्यंत होती.

२३ फेब्रुवारी २००० रोजीं, ८५ व्या वर्षीं, सर स्टॅन्ले निवर्तले. अंत्ययात्रेच्या वेळीं स्टोकच्या रस्त्यांवर सुमारें एक लक्ष लोक उभे होते. त्यांची रक्षा स्टोक सिटीच्या नव्या मैदानाच्या मध्यवर्तुळाखालीं पुरलेली आहे. त्यामुळें तेथें जो सामना सुरू होतो, तो त्यांच्या सान्निध्यांतच सुरू होतो.

तर मग म्हातारा होत चाललेला संघ अजिंक्यपद मिळवूं शकतो काय? आमचें उत्तर असें : होय, मिळवूं शकतो, पण नुसत्या जुन्या कीर्तीवर नव्हे. जे आपल्या शरीराशीं प्रामाणिक राहतात, धांवण्याची उणीव विचारानें भरून काढतात, श्रेय वांटून घेतात आणि शेजारच्या तरुणास बरोबर घेऊन चालतात, त्यांच्यासाठीं एकादा वसंत पुन्हा फुलतो. तो कायमचा नसतो, हेंहि तितकेंच खरें. म्हणून, विद्यार्थिमित्रांनो, पुढल्या पावसाळ्यांत संघ निवडतांना वरच्या वर्गांतील गड्यास वयावरून काढूं नका. त्याचा खेळ पाहा. आणि आमच्या पालकबंधूंस विनंति, कीं स्नेहसंमेलनाच्या वेळीं माजी विद्यार्थ्यांचा सामना ठरला, तर खुर्चीवर बसून राहूं नये. बूट घालावेत, आणि पहिलीं चार-पांच पावलें तरी जोरानें टाकून पाहावींत.